देव दयाळू आहे, तर पश्चात्तापाची एवढी घाई कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ख्रिस्ती लोक सारखे 'आजच पश्चात्ताप करा, उद्याचा भरवसा नाही' म्हणतात. पण देव जर इतका क्षमाशील असेल, आणि येशूशेजारी क्रुसावर टांगलेल्या चोरालाही शेवटच्या घटकेला माफी मिळाली असेल, तर म्हातारपणी एकदाच मागून घेतली तर काय बिघडलं?

मी नगरकडच्या मराठी ख्रिस्ती घरातला, प्रॉटेस्टंट. वडिलांची नोकरी बंदरात, म्हणून गोव्यात, वास्कोत वाढलो, आणि लग्न केलं सासष्टीतल्या कॅथलिक मुलीशी. त्यामुळे दोन्हीकडचं ऐकून आहे. मी पाळक नाही, तेव्हा हे त्या बेतानंच घ्या.

आधी पुस्तकी उत्तर. माझे हिंदू मित्र कर्माचा हिशोब पुढच्या जन्मी फेडायची गोष्ट सहज करतात. आमच्याकडे पुढचा जन्मच नाही. 'माणसाला एकदाच मरण आणि त्यानंतर न्याय' असं बायबलात इब्री लोकांस पत्रात (९:२७) सरळ लिहिलं आहे. कॅथलिक लोक शुद्धीस्थान मानतात, पण तीसुद्धा फेरपरीक्षा नव्हे. देवाशी समेट करून मेलेल्यांची ती शुद्धी असते. म्हणजे खिडकी एकच, आणि ती बंद कधी होणार हे कुणाला माहीत नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, तेव्हा येशू म्हणाला की ते अठरा जण बाकीच्या यरुशलेमकरांपेक्षा जास्त पापी नव्हते. पण तुम्ही पापापासून फिरला नाहीत तर तुमचाही असाच नाश होईल. लगेच पुढे त्याने अंजिराच्या झाडाची गोष्ट सांगितली. तीन वर्षं फळ नाही, मालक म्हणतो तोडा, आणि माळी म्हणतो, एवढं एक वर्ष राहू द्या, मी आळं खणून खत घालतो. एक वर्ष. मुदत मिळाली, पण ती मुदतच होती.

आता तुमचा चोर. क्रुसावर चोर दोन होते, वेळ दोघांची तीच, आणि मागितलं एकानेच. शिवाय त्या माणसाने काही पुढे ढकललं होतं असं कुठे लिहिलेलं नाही. गोष्टीत त्याच्यासमोर येशू येतो तोच त्या दिवशी. शुभवर्तमानात मत्तय तर म्हणतो, सुरुवातीला दोघेही टोमणे मारत होते. म्हणजे त्यातला एक काही तासांत फिरला. 'नंतर बघू' म्हणून ठरवून थांबलेल्या माणसाने त्याचं उदाहरण देऊ नये. तसं ठरवून थांबणारे पूर्वी पुष्कळ होते. चौथ्या शतकात बाप्तिस्म्याने सगळी पापं धुतली जातात म्हणून तो शेवटापर्यंत लांबवायची पद्धतच होती. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३३७ साली मरणशय्येवर बाप्तिस्मा घेतला. हिशोब चोख, पण मला त्यात धर्मापेक्षा व्यापार जास्त दिसतो.

तुमच्या प्रश्नाला खरं उत्तर देणारा माणूस मला फेलिक्स वाटतो. बायबलातलं प्रेषितांची कृत्ये, २४वा अध्याय. हा रोमन सुभेदार, आणि येशूचा प्रचारक पौल त्याच्या कैदेत. पौल नीतिमत्त्व, संयम आणि येणारा न्याय यांवर बोलला तेव्हा फेलिक्स घाबरला. म्हणाला, आता जा, सवड झाली की बोलावतो. गंमत अशी की त्याने खरंच बोलावलं. एकदा नाही, वरचेवर. पौल लाच देईल अशी आशा होती. दोन वर्षं गप्पा चालल्या. पण तो घाबरला असं पुन्हा कुठेही लिहिलेलं नाही. सवड मिळाली, पहिल्या दिवशीची ती धडधड काही परत आली नाही.

हे मला कसं पटलं ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी आमच्या हाऊसिंग सोसायटीचा खजिनदार होतो. वर्गणीतले साडेचार हजार कमी भरले. वरच्या मजल्यावरचा एक तरुण मुलगा दारोदार फिरून पैसे गोळा करायचा. मी सभेत, सगळ्यांदेखत, नाव न घेता पण सगळ्यांना कळेल असं बोललो. तो काही बोलला नाही. जानेवारीत बोटीवर नोकरीला निघून गेला, नऊ महिन्यांच्या करारावर. फेब्रुवारीत, राखेच्या बुधवारच्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) आसपास, माझ्याच कपाटात जुन्या वीजबिलांखाली पाकीट सापडलं. साडेचार हजार, रबर लावलेले.

त्या रात्री मी प्रार्थना केली, रडलोही. देवाने क्षमा केली असंही वाटलं. मुलाला सांगायचं मात्र 'फाल्यां पळोवया', म्हणजे उद्या बघू. गोव्यात राहून हे दोन शब्द रक्तात भिनतात. व्हॉट्सअॅपवर मेसेज लिहिला, 'मी तुझ्यावर खोटा आरोप केला', आणि पाठवला नाही. एप्रिलमध्ये पुन्हा लिहायला घेतला तेव्हा वाक्य झालं होतं, 'माझ्याकडून चूक झाली'. जूनमध्ये, बाहेर धो धो पाऊस, मी लिहिलं, 'थोडा गैरसमज झाला होता'. मराठीत ही मोठी सोय आहे. चूक होते, गैरसमज होतो, जसा पाऊस होतो. करणारा कुणी नसतोच. आणि जूनपर्यंत माझ्या मनात त्याच्याविरुद्ध एक छोटी फाईलही तयार झाली होती: तो पावत्या वेळेवर देत नव्हता, त्याने तेव्हाच ठणकावून सांगायला हवं होतं, वगैरे.

पाच महिन्यांत देव बदलला नव्हता, तो मुलगाही नाही. बदललो मी. आमच्या मराठी बायबलात योहानाच्या पहिल्या पत्रात पापं 'पदरी घेतली' तर क्षमा मिळते असा शब्दप्रयोग आहे. मला तो 'कबूल केली'पेक्षा कितीतरी नेमका वाटतो. फेब्रुवारीत माझा पदर पसरलेला होता. जूनमध्ये मी तो गुंडाळून खोचला होता. क्षमा तिथेच होती, पण मला घ्यायला काही उरलंच नव्हतं, कारण माझ्या मते मी विशेष काही केलंच नव्हतं. पश्चात्तापाची घाई एवढ्यासाठी, असं माझं मत. पापाची जाणीव माणूस पाहिजे तेव्हा निर्माण करू शकत नाही. 'आज त्याची वाणी ऐकाल तर मन कठोर करू नका' या बायबलातल्या वाक्यात मला आता धमकीपेक्षा निरीक्षण दिसतं.

इथे गोव्याचा विषय आला की कुणीतरी इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, काढणारच, आणि काढावंच. १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षं सोडली तर, या भूमीवर कबुली जबरदस्तीने घेतली गेली. भीतीने वदवलेल्या शब्दांना पश्चात्ताप म्हणत नाहीत. चर्चच्या बाजूने पोप जॉन पॉल दुसरे यांनी अशा बळजबरीबद्दल देवाची क्षमा मागितली ती १२ मार्च २००० रोजी, आणि तीही सर्वसाधारण शब्दांत. माझ्या पाच महिन्यांना हसण्याआधी हा उशीर मोजा.

असो. मला हलवलं बायकोनं. तिच्याकडे कुमसार, म्हणजे पाद्रीपुढे पापांची कबुली, वर्षातून निदान एकदा बंधनकारक असते. १२१५च्या लॅटरन परिषदेपासूनचा नियम आहे. आम्ही प्रॉटेस्टंट थेट देवाशी बोलतो, मध्ये कुणी नको, याचा मला अभिमान होता. ती म्हणाली, "कुमसाराक गेल्यार पाद्री तुका पयलें हेंच विचारतलो, ताका सांगलें?" मी म्हटलं, देवाला सांगितलंय. ती म्हणाली, "देवाक पयलींच खबर आशिल्लें." देवाला आधीच माहीत होतं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला बायबलातला जकातदार जक्कय आठवला. त्याने येशूसमोर उभं राहून फक्त वाईट वाटल्याचं सांगितलं नाही, तर लुबाडलेल्याची चौपट परत करतो म्हणाला. क्षमा फुकट मिळते हे आमच्या विश्वासाचं मूळच आहे, येशूच्या गोष्टीतल्या, घरी परतलेल्या उधळ्या पुत्राचं पाठ केलेलं भाषण बापाने पुरतं ऐकूनही घेतलं नाही. पण दुसऱ्याची अब्रू आपल्या खिशात ठेवून ती घ्यायला जाता येत नाही.

मग वर गेलो. मुलाची आई दारातच उभी. मी सांगितलं, या वेळी 'मी केलं' अशा वाक्यात. ती म्हणाली, "म्हाका खबर आशिल्लें, तो घेवचो ना," म्हणजे मला माहीत होतं, तो पैसे घेणार नाही, आणि आत बोलावलं नाही. मुलाशी बोलणं दोन दिवसांनी झालं, बोटीवरच्या तुटक नेटवर्कवर. बराच वेळ नुसती खरखर. मग तो म्हणाला, "ओके अंकल. मीटिंगेंत सांगा." माफ केलं असं तो म्हणाला नाही. अजूनही म्हणालेला नाही.

पुढच्या सभेत मी उभा राहिलो आणि पाकिटाची गोष्ट, नाव घेऊन, सांगितली. सेक्रेटरी पेन धरून थांबले. म्हणाले, "हे इतिवृत्तात घ्यायचं का?" मी म्हटलं, घ्या. त्यांनी दोन ओळी लिहिल्या आणि पुढचा विषय घेतला, तो टाकीच्या पंपाचा होता.