बीएस्सीला सहा लाखांचं कर्ज?

विश्रामबाग, सांगली

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचं ते गुळगुळीत माहितीपत्रक, दोन्ही वाचलं. पुण्याचं खासगी विद्यापीठ, गणिताची तीन वर्षांची पदवी, फी-वसतिगृह-मेस धरून वर्षाला दोन लाख, आणि सहा लाखांचं कर्ज द्यायला बँक तयार. गणिताची पदवी हे कर्ज फेडेल का, असं तू विचारलंयस. फेडेल, पण सावकाश. हप्ता मात्र सावकाश येत नाही.

आता वही घे. व्याजदर दहा टक्के धरू. शिकत असताना आणि त्यापुढे साधारण एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज पहिली रक्कम कॉलेजकडे गेली त्या दिवसापासून चालू. पहिल्या दोन लाखांवर चार वर्षं, दुसऱ्यावर तीन, तिसऱ्यावर दोन, म्हणजे सरळव्याजानेच १,८०,००० झाले. हप्ता सुरू होईल तो ७,८०,००० वर. दहा वर्षांची मुदत घेतलीस तर महिन्याला सुमारे १०,३०० रुपये, आणि एकूण परतफेड १२ लाख ३७ हजारांच्या घरात. घेतले सहा, दिले बारा. सूत्र तुला येतं, माझा आकडा तपासून बघ.

समोर कमाई काय? बीएड करून माध्यमिक शाळेत लागलीस तर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. मानधन १८,०००, २०२३ मध्ये वाढलं म्हणून एवढं, आधी ८,००० होतं. त्यातून हप्ता गेला की हातात ७,७००. शिवाय बीएडची दोन वर्षं मधे आहेतच. शिकत राहिलीस म्हणून बँक एक वेळ हप्ता पुढे ढकलेल, व्याज कोण ढकलणार? कॉलेजात शिकवायचं म्हटलं तर एमएस्सी, मग सेट-नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा, आणि नंतर बहुतेकांच्या नशिबी तासिका तत्त्व. सेट झालेली हुशार पोरं तासावर पैसे घेत दोन-दोन कॉलेजं करताना मी रोज बघतो.

माहितीपत्रकात सरासरी पॅकेज ५.२ लाख छापलंय. दहा मुलांतल्या नऊ जणांना तीन-तीन लाख आणि एकाला पंचवीस लाख मिळाले तरी सरासरी ५.२ च येते. तेव्हा फोन करून मध्यक विचार, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावले तर बरोबर मधला येतो तो. आणि वर्गातल्या किती जणांना नोकरी लागली, तेही विचार, कारण न लागलेले या भागाकारात धरलेलेच नसतात.

कर्ज काढूच नये असं माझं म्हणणं नाही. गणितात पैसा येतो तो दुसऱ्या पायरीवर: संख्याशास्त्र, डेटाचं काम, विम्यातलं ॲक्च्युअरीचं, म्हणजे जोखमीच्या हिशोबाचं काम, संशोधन. पहिली पायरी शक्य तितकी स्वस्तात चढ. रिअल ॲनालिसिस, लिनियर अल्जेब्रा, ग्रुप थिअरी सगळीकडे तीच, आणि त्यांना लागतो फळा, चांगला मास्तर आणि तुझी बैठक. विलिंग्डन कॉलेज १९१९ पासून इथं उभं आहे, तासगावहून एसटीच्या पासावर रोज येता येतं. संख्याशास्त्र जोडीला घे. दहावीच्या चार पोरांची शिकवणी घेतलीस तरी पुस्तकांचा खर्च निघेल.

बारावीला बोर्डातल्या वरच्या एक टक्क्यात आलीस तर इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८०,०००, आणि त्यात गणित बसतं. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी जॅम ही प्रवेश परीक्षा दे. त्या गुणांवर आयआयटीत एमएस्सी मिळते. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये तर फी नाही, उलट विद्यावेतन मिळतं. प्रवेश परीक्षा मात्र घाम काढते. पुढे जेआरएफ, म्हणजे पीएचडी करतानाची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना ३७,०००. त्या वेळी कर्ज लागलंच तर काढ, पण हप्ता पहिल्या पगाराच्या पाचव्या हिश्शाच्या आत बसला पाहिजे. हा हिशोब माझा, बँकेचा नव्हे.

काका म्हणतात, मुलींना इंजिनिअरिंगची फी माफ आहे, मग गणित कशाला? २०२४ चा तो निर्णय खरा आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. बीएस्सी त्यात येत नाही, आणि इंजिनिअरिंगलाही वसतिगृह-मेस आपल्याच खिशातून. तुला मशिनरीत रस असता तर मीच काकांची बाजू घेतली असती. नाही, हे तुला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे.

एक गोष्ट तुझ्या पत्रात नाही. साडेसात लाखांपर्यंत बँक सहसा तारण मागत नाही, म्हणून हे कर्ज हलकं वाटतं. पण सहकर्जदार म्हणून सही आप्पांची असणार. तुझे हप्ते थकले की सिबिल, म्हणजे बँका बघतात तो कर्जफेडीचा गुणांक, त्यांचंही बिघडतं, आणि त्याच सिबिलवर त्यांना दरवर्षी द्राक्षबागेचं पीककर्ज उचलायचं असतं. सातबाऱ्यावर आधीच बोजा आहे. एखाद्या साली छाटणीनंतर अवकाळीनं झोडपलं, तर एकाच घरात दोन थकबाकीदार.

हे आप्पांशी बोललीस का? रविवारी दोघं या. येताना बँकेचं मंजुरीपत्र आण, त्यात व्याजदर स्थिर आहे की बदलता, ते मला बघायचंय. आणि तोवर विद्यापीठात भरलेली नोंदणीची रक्कम परत मिळते का, कोणत्या तारखेपर्यंत, हे लेखी विचारून ठेव.

तुझे,
सर