मूल्यांचा बोर्ड नंतर करा, आधी पोर्टलवरचा मोबाइल नंबर बघा

तुमची पोस्ट वाचली आणि आमचंच जुनं दुखणं समोर आलं. नाशिकला शरणपूर रोडवर तुमचं सात माणसांचं सीए ऑफिस, स्टाफसाठी नियमावली हवी, भिंतीवर 'सचोटी, गोपनीयता, तत्परता' असा बोर्ड लावायचाय. आणि अगदी शेवटी जाता जाता लिहिलंय की सातपूरच्या एका वर्कशॉपवाल्याची जीएसटी नोंदणी रद्द झाली, कारण नोटिसा काम सोडून गेलेल्या आर्टिकलच्या (सीए होण्यासाठी ऑफिसात शिकणाऱ्या मुलाच्या) ईमेलवर जात होत्या. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. आम्हाला सर्वांत महाग पडलेली चूक हीच.

आधी त्या वर्कशॉपवाल्याचं. आरईजी-१९ म्हणजे नोंदणी रद्द केल्याच्या आदेशाची तारीख बघा. तो बजावल्यापासून ९० दिवसांत आरईजी-२१ हा अर्ज भरून नोंदणी परत मागता येते. त्याआधी रद्द झाल्याच्या तारखेपर्यंतची सगळी थकीत रिटर्न कर, १८% व्याज आणि लेट फीसकट भरलेली हवीत. ९० दिवस उलटले असतील तर सबळ कारण दाखवून आणखी १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते, पण ती वरच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर. (मी तुमचे कागद पाहिलेले नाहीत आणि मुदती बदलत असतात, तेव्हा आजचा नियम बघूनच पाऊल टाका.)

आता हे घडतं कसं ते. नोंदणीच्या दिवशी मालक मशीनवर असतो, फोन उचलत नाही. ओटीपी काही मिनिटंच चालतो, म्हणून आर्टिकल स्वतःचा नंबर आणि ईमेल टाकतो. 'नंतर बदलू' म्हणतो. काम त्याच दिवशी होतं, सगळे खूश. पुढे त्याची आर्टिकलशिप संपते, नंबर त्याच्याबरोबर जातो.

कायदा मात्र थांबत नाही. जीएसटी कायद्याच्या कलम १६९ प्रमाणे नोंदवलेल्या ईमेलवर पाठवणं किंवा पोर्टलवर टाकणं हीसुद्धा नोटीस बजावणीच. आरईजी-१७ ला (नोंदणी रद्द का करू नये, ही नोटीस) उत्तर द्यायला कामाचे ७ दिवस, एएसएमटी-१० ला (रिटर्नमधल्या तफावतीची नोटीस) साधारण ३०. डीआरसी-०१ ला (कराच्या मागणीची नोटीस) उत्तर गेलं नाही की एकतर्फी आदेश होतो. त्यावर अपिलाला ३ महिने, वादातल्या कराच्या १०% आधी भरून. तेही हुकलं की वसुलीचं पत्र थेट बँकेत जातं आणि क्लायंटला पहिली बातमी चेक परत आल्यावर लागते. तेव्हा तो तुमच्यासमोर बसलेला असतो, आणि मागे भिंतीवर 'तत्परता'.

म्हणून माझ्या लेखी पहिलं मूल्य एकच: क्लायंटची किल्ली क्लायंटच्या हातात. एका वहीत सगळ्या क्लायंटची नावं काढा. समोर चार रकाने: पोर्टलवरचा मोबाइल कोणाचा, ईमेल कोणाचा, सही करणारी व्यक्ती कोण, शेवटचं कधी तपासलं. क्लायंटच्या फर्मच्या नावाने स्वतंत्र ईमेल काढून घ्या, पासवर्ड त्याच्याकडे राहू द्या, आणि त्यातून ऑफिसच्या सामायिक ईमेलवर आपोआप मेल पुढे येईल अशी सोय लावा. जीएसटी पोर्टलवर मोबाइल-ईमेलचा बदल 'नॉन-कोअर' म्हणजे किरकोळ दुरुस्तीत, ऑथराइज्ड सिग्नेटरीच्या (सही करणाऱ्याच्या) टॅबमध्ये होतो. इन्कम टॅक्सच्या प्रोफाइलमध्ये दोन संपर्क देता येतात: प्राथमिक क्लायंटचा, दुय्यम ऑफिसचा. उलटं कधीच नाही.

आणि दर सोमवारी एकाने प्रत्येक लॉगिन उघडून नोटिसा बघायच्याच. जीएसटीत नोटिसा दोन वेगवेगळ्या ठिकाणी दिसतात, 'अ‍ॅडिशनल नोटिसेस' हा भाग लोक विसरतात आणि नेमकी डीआरसी-०१ तिथेच पडलेली असते. काही नसलं तरी वहीत तारीख आणि सही. नाहीतर तिसऱ्या आठवड्यात हे बंद पडतं.

जुना नंबरही बंद आणि पासवर्डही गेला, अशी दुहेरी अडचण असेल तर हद्दीच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. इथे मात्र संयम लागतो. एका कार्यालयात (नाव घेत नाही) आज साहेब दौऱ्यावर, उद्या अर्ज सापडत नाही, परवा 'लेटरहेडवर आणा', असं करत आठवडे गेले. आणि ते आठवडे मुदतीतून वजा होतात, कोणी भरून देत नाही. पहिल्याच फेरीत लेटरहेडवर अर्ज, पॅन, आधार, नोंदणी प्रमाणपत्र, आणि भागीदारी किंवा कंपनी असेल तर अधिकारपत्र किंवा ठराव, असे दोन संच न्या. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय जागेवरून उठू नका. तो क्रमांक पुढे उशिराचं कारण दाखवायलाही लागतो.

डिजिटल सहीचंही तसंच. आपल्याकडे कित्येक ऑफिसांत ड्रॉवर उघडला की बिस्किटाच्या डब्यात वीस-पंचवीस टोकन (डिजिटल सही साठवलेले पेनड्राइव्हसारखे), प्रत्येकाला सेलोटेपने चिकटवलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर पिन. आयटी कायद्यानुसार सहीची किल्ली सांभाळणं सहीवाल्याची जबाबदारी आहे. टोकन ठेवायचंच असेल तर लेखी संमती, कुलूप, आणि कधी कशासाठी वापरलं त्याची नोंद. पिन चिठ्ठीवर कदापि नको.

दुसरं मूल्य: वाईट बातमी त्याच दिवशी. रिटर्न राहिलं असेल तर संध्याकाळच्या आत पार्टनरने स्वतः फोन करायचा, मग लेखी. जीएसटीच्या ३बी रिटर्नसाठी मजकूर एवढाच: 'मार्चचं ३बी २० तारखेला भरायचं राहिलं, चूक आमची. आज भरतोय. लेट फी अमुक, ती आम्ही देतो. तुम्ही आज फक्त ओटीपी द्या.' करदेयता असलेल्या ३बीला रोज ५० रुपये, शून्य असेल तर २०; आदल्या वर्षाची उलाढाल दीड कोटींपर्यंत असेल तर करदेयता असलेल्या एका रिटर्नला जास्तीत जास्त २,०००. एवढ्यासाठी लपवाछपवी करून दहा वर्षांचा क्लायंट घालवू नका. व्याज कोणी द्यायचं यावर मतभेद आहेत. मी म्हणेन, पैसे क्लायंटकडे पडून होते तर व्याज त्याचं. त्याने वेळेत पैसे देऊनही आपण चलन भरलं नसेल तर आपलं.

गोपनीयतेबद्दल भाषण नको, टेबल बघा. अंबडचे दोन व्हेंडर एकाच कंपनीला माल देतात आणि तुमच्या बाकावर शेजारी बसतात. एकाची सेल्सची यादी दुसऱ्याला दिसली की पुढच्या कोटेशनला कुणाचा तरी दर पडतो. फायलींवर नावाऐवजी क्रमांक, आणि बाहेरून दिसणार नाही अशी स्क्रीन. क्लायंटची माहिती संमतीशिवाय बाहेर जाणं हे १९४९ च्या सीए कायद्यात व्यावसायिक गैरवर्तन धरलंय, हे आर्टिकलला पहिल्याच दिवशी सांगा. कागद ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच घ्या, मुलांच्या खासगी फोनवर नको.

फोनची वेळही क्लायंटप्रमाणे ठरवा. लासलगावच्या व्यापाऱ्याला लिलाव चालू असताना फोन केला तर तो काय ऐकणार? दिंडोरी-पिंपळगावच्या द्राक्षवाल्यांचे कागद जानेवारीतच मागून ठेवा, फेब्रुवारी-मार्चमध्ये ते हाती लागत नाहीत.

स्टाफबद्दल मी थोडा कडक बोलतो, राग मानू नका. 'मुलं टिकत नाहीत' असं तुम्ही लिहिलंय. आर्टिकलला आठवड्याला ३५ तास ठरलेले आहेत. सप्टेंबरभर रात्री दहापर्यंत बसवून वर क्लायंटसमोर त्याचीच चूक काढली तर तो का थांबेल? क्लायंटची बोलणी पार्टनरने खायची, पोराला नंतर दार लावून समजवायचं. आणि चूक आपणहून सांगितली म्हणून कधी झापू नका, पुढची चूक तो लपवेल.

जाणाऱ्या मुलाचा निरोप समारंभ संध्याकाळी. सकाळी त्याला शेजारी बसवून त्याच्याकडचे क्लायंट एकेक उघडा: पोर्टलवर त्याचा नंबर कुठे उरलाय, कुठली नोटीस अर्धवट आहे, टोकन कुठे आहे. पासवर्ड तिथेच बदला, कारण ओटीपी त्याच्या फोनवर येत असेल तर तो हाताशी असल्याचा हा शेवटचा दिवस.