‘बाहेरून आणा’ म्हणाले तर साठ्याची प्रिंट मागा

आईला सिव्हिलला भरती केलंत, सलाईन सोडून बाकी सगळ्याची बाहेरची चिठ्ठी मिळाली, आणि औषधांचा साठा ऑनलाइन कुठे दिसतो, असं तुम्ही विचारलंय.

साठा कॉम्प्युटरवर असतो. सरकारी दवाखान्यांच्या औषधसाठ्याची ‘ई-औषधी’ नावाची प्रणाली आहे, तिच्यात आलेला माल, वाटलेला माल, शिल्लक, सगळं चढवलेलं असतं. पण लॉगिन स्टोअरवाल्यांकडे. माहिती अधिकाराच्या कलम ४(१)(ख) प्रमाणे १७ मुद्द्यांची माहिती कार्यालयानं आपणहून जाहीर करायची असते. बहुतेक ठिकाणी ती एकदा स्कॅन करून टाकलेली पीडीएफ असते. त्यातले माहिती अधिकारी केव्हाच बदलून गेलेले. तिच्यावर वेळ घालवू नका. (राजस्थाननं २०१९ मध्ये जन सूचना पोर्टल काढून कितीतरी खात्यांची माहिती लॉगिनशिवाय खुली केली. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं.)

माहिती अधिकारात अर्ज करा, पण ‘औषधं का मिळत नाहीत’ असं विचारू नका. मी पूर्वी तेच विचारलं आणि ‘औषधसाठा पुरेसा आहे’ एवढं एका ओळीचं उत्तर आलं. पुढच्या अर्जात औषधाचं नाव आणि तारीख घालून दोनच गोष्टी मागितल्या: त्या दिवशीच्या साठ्याची ई-औषधीतली प्रिंट आणि वॉर्डाच्या इंडेंटची (स्टोअरकडे पाठवलेल्या मागणीपत्राची) प्रत. प्रिंटवर मुख्य स्टोअरला त्या इंजेक्शनचा चार आकडी साठा, आणि इंडेंटवर त्याच तारखेला लाल शाईत ‘निरंक’! स्टोअर तळमजल्यावर, वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर. फार्मासिस्ट रजेवर, म्हणून चार दिवस माल वर चढलाच नव्हता. चोरी नव्हती, निव्वळ ढिसाळपणा. पण नातेवाईक तेवढे दिवस मेडिकलच्या रांगेत.

‘प्रिंट देता येत नाही’ म्हणाले तर कलम २(ञ) दाखवा. कॉम्प्युटरमधल्या माहितीची प्रिंट मागायचा हक्क त्यात सरळ लिहिलाय. फ्लॉपीसुद्धा मागता येते, हवी असल्यास! पेशंटची नावं मात्र मागू नका, तेवढ्यावरून अर्ज फेटाळतात.

आपल्याकडे महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि शक्यतो १५० शब्दांत बसवावा लागतो. फी १० रुपये. ऑनलाइन पोर्टलवर तुमचं रुग्णालय सापडलं नाही तर कागदावर कोर्ट फी तिकीट लावून द्या. रुग्णालय कोणत्या खात्याचं, ते आधी पाटीवर नीट वाचा: सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, पण मेडिकल कॉलेजचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याचं. अर्ज चुकीच्या दारी गेला तर कलम ६(३) खाली तो ५ दिवसांत पुढे पाठवणं त्यांचं काम. ३० दिवसांत उत्तर नाही आलं की प्रथम अपील.

आणि एवढी वाट बघवत नसेल तर सोमवारी दुपारी ३ ते ५ मध्ये जा. जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत त्या वेळात अभिलेख बघू द्यावेत, असं शासनाचं २०१८ चं परिपत्रक आहे. त्याची प्रत सोबत न्या, आणि बाहेरून आणलेल्या औषधांची बिलंही.