एम.पी.टी. (फिजिओथेरपीची पदव्युत्तर पदवी) करायचंय, शाखा कोणती घेऊ?

प्रश्न: मी चोपड्याची. बी.पी.टी.एच.ची (फिजिओथेरपीच्या पदवीची) इंटर्नशिप संपत आलीये. पुढे मस्क्युलोस्केलेटल (हाडं, सांधे, स्नायू) घ्यावं की कम्युनिटी (वस्तीत, लोकांमध्ये जाऊन करायची फिजिओथेरपी)? आणि प्रबंधाची भीती वाटते.

उत्तर: आधी फिजिओथेरपीच्या राज्य परिषदेची नोंदणी उरका, मग पीजीपी-सीईटी, म्हणजे पदव्युत्तर प्रवेश परीक्षा. शाखेचं म्हणाल, तर क्लिनिक टाकायचं असेल तर मस्क्युलोस्केलेटल. पण खान्देशात कम्युनिटीला कमी लेखू नका. रावेर-यावलकडे केळीचे जड घड खांद्यावर वाहणारे मजूर, वाकून कापूस वेचणाऱ्या बाया, नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलमुळे (रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे) खुब्याचं हाड झिजलेले तरुण. विषयांना तोटा नाही.

प्रबंध अडतो तो बहुधा क्रम चुकल्यामुळे. सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा), एथिक्स कमिटीची मंजुरी, उपचार-चाचणी असेल तर सीटीआरआय (अशा चाचण्यांची देशपातळीवरची नोंदवही) नोंदणी, आणि मगच पहिला रुग्ण. सीटीआरआय मागच्या तारखेने नोंदणी करत नाही. आधी जमवलेली माहिती वाया जाते. नमुना ६० जणांचा हवा आणि १५ टक्के गळती (मध्येच सोडून जाणारे) धरली, तर ६० भागिले ०.८५, म्हणजे ७१ जण घ्या. (६० मध्ये १५ टक्के मिळवून ६९ काढतात, ते कमी पडतात.) कापूस वेचणीच्या हंगामात मजूर फेरतपासणीला येत नाहीत, तेव्हा तारखा दिवाळीआधीच आखा. गोनिओमीटरने (सांध्याचा कोन मोजायच्या साधनाने) मोजणारी व्यक्ती शेवटपर्यंत एकच ठेवा. हात बदलला की आकडाही हलतो.

गाइड मात्र शाखेइतकाच पारखून घ्या.