एमबीबीएसच्या जागा वाढवल्या तर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या खेड्यांना डॉक्टर मिळतील का?

नुसत्या जागा वाढवून नाही मिळणार. बेळगावात १९६३ पासून जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आहे, २००५ पासून बिम्स हे सरकारी मेडिकल कॉलेजही. तरी खानापूरच्या आमगावसारख्या जंगलातल्या गावातून पावसाळ्यात पेशंटला लाकडी डोलीत घालून, चिखल तुडवत आणावं लागलंय.

केंद्राने २०२५ च्या बजेटमध्ये ५ वर्षांत मेडिकलच्या (एमबीबीएस आणि पीजी मिळून) ७५,००० जागा वाढवायचं जाहीर केलंय. जागा हव्यातच. पण आज ॲडमिशन घेतलेली मुलं इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांनी बाहेर पडणार, मग बरीचशी पीजीच्या ‘नीट’ प्रवेश परीक्षेमागे लागणार.

माझ्या मते जागा सरकारी कॉलेजातच वाढवाव्यात. खासगीत कर्ज काढून लाखोंची फी भरलेला पोरगा खानापूरच्या कणकुंबीसारख्या खेड्यात कशाला थांबेल? आणि जो येईल त्याला राहायला धड क्वार्टर आणि रात्री सोबतीला नर्स तरी द्या.