गूगल अर्थ बघून घरबसल्या पुळणीवर वाळू टाकायचं प्लॅनिंग करता येतं का?

तुम्ही विचारलंय की रत्नागिरीकडच्या तुमच्या गावची पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळूची पट्टी, कमी होत चाललीय तर पुण्यात बसून मॅपवरून किती वाळू टाकायची ते काढता येईल का. अर्धं येईल. मी इथे कोथरूडला जीआयएसचंच, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे करायचंच काम करतो. किनारा कुठे आणि किती सरकला ते मॅपवर कळतं, पण टाकलेली बरीचशी वाळू पाण्याखाली पसरते आणि तिथलं फोटोत काहीच दिसत नाही.

गूगल अर्थ प्रो फुकट आहे, कॉम्प्युटरवर घ्या, घड्याळाच्या बटणावर जुने फोटो येतात. आणि इथेच लोक फसतात, मे चा फोटो आणि सप्टेंबरचा फोटो शेजारी ठेवून बघा समुद्राने किती खाल्लं म्हणतात! अहो कोकणात पावसाळ्यात पुळण ओरबाडली जातेच, नंतर बरीचशी परत भरते. म्हणून एकाच महिन्याचे फोटो घ्या. भरतीचंही बघा, उतार १:३० असेल आणि पाणी २ मीटर चढलं तर पाण्याची रेघ ६० मीटर आत दिसणार, वाळूचा कण न हलता. मी तर सरळ सुरूच्या झाडांची कड धरून रेघ मारतो. लँडसॅट उपग्रहाचे ३० मीटर पिक्सेलचे (म्हणजे फोटोतला एक ठिपका ३० मीटरचा) फोटो १९८० च्या दशकापासून मिळतात, सेंटिनेल-२ उपग्रहाचा पिक्सेल १० मीटरचा.

आता वाळू. समजा ५०० मीटर लांब पुळण २० मीटरने रुंद करायचीय, पुळणीची उंची २ मीटर आणि लाटा तळाची वाळू हलवतात ती खोली ६ मीटर, दोन्ही मिळून ८, म्हणजे ५०० × २० × ८ = ८०,००० घनमीटर. हायवा डंपरात १५ घनमीटर धरले तरी ५,००० च्या वर फेऱ्या, गावच्या रस्त्याने. यातला ६ चा आकडा मी मनाने घेतलाय, खरा आकडा पाण्याखालच्या सर्व्हेतूनच येतो. आणि खाडीतला बारीक गाळ आणून टाकू नका, मूळ वाळूइतकी किंवा थोडी जाडच हवी.

वाळू का जातेय हे आधी शोधा, जवळ जेटी किंवा नवीन बंधारा झालाय का ते जुन्या फोटोत लगेच दिसेल. पुद्दुचेरीला बंदराच्या भिंतींमुळे उत्तरेचा किनारा गेला, तिथे नुसती वाळू टाकून भागलं नाही, एनआयओटी या केंद्र सरकारच्या समुद्र तंत्रज्ञान संस्थेने पाण्याखाली रीफ, म्हणजे लाटांचा जोर कमी करणारा अडथळा, बसवली. असल्या कामांआधी लाटा आणि वाळूची मॉडेलं करून बघतात, ती आपल्या खडकवासल्याला सीडब्ल्यूपीआरएस या केंद्राच्या जलसंशोधन संस्थेत होतात, पण ते ग्रामपंचायतीचं एकटीचं काम नाही, सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टीवरच्या कामांच्या नियमांखालची परवानगीही लागेल. तुम्ही रेघांच्या प्रिंट घेऊन सरपंचांबरोबर पत्तन (बंदर) खात्यात जा आणि तिथला पाण्याखालचा सर्व्हे शेवटचा कधी झालाय ते विचारा.