शिमग्याला पुण्याहून गावी जाऊन मामांबरोबर डुकराच्या शिकारीला जायचंय. अपघात होऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी?

तुम्ही विचारलंय बूट कुठले घ्यावेत, डोक्याला बांधायची बॅटरी कुठली चांगली, आणि डुक्कर अंगावर आलं तर काय करायचं. बंदुकीबद्दल अवाक्षर नाही. मामा जुने शिकारी आहेत, ते बघून घेतील, असं तुम्ही धरून चाललाय. माझ्या वडिलांच्या मांडीत आजही छर्रे आहेत, आणि ते घालणारा माणूसही जुना, नावाजलेला शिकारीच होता. म्हणून आधी बंदुकीचं सांगते. बूट नंतर.

आमचं गाव कुडाळ तालुक्यातलं. पारध कशी चालते ते मामांनी तुम्हाला सांगितलं असेलच: हाकारी ओरडत रानातून डुक्कर पुढे हाकलतात, आणि बंदूकवाले समोर दबा धरून बसतात. वडील कायम हाकाऱ्यात असायचे. घरची ठासणीची बंदूक, म्हणजे नळीत दारू आणि छर्रे गजाने ठासून भरायची, आजोबांच्या मागे तात्यांच्या नावावर झाली, तात्या म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. परवान्याची, शेती संरक्षणाची, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होणारी. तात्यांचा नेम चुकत नाही असं सगळं गाव म्हणायचं, अजूनही म्हणतं.

मी बारावीला होते त्या वर्षी शिमगा उरकल्यावर व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, अंगाचं रान काढायचं ठरलं. ते रान कसं आहे ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. करवंदी, घाणेरी आणि चिवारीची एकात एक गुंतलेली जाळी. उभ्याने आत शिरताच येत नाही. आत जायला एकच तोंड, डुकरांनी ये-जा करून पाडलेली वाट. ती डुकराच्या उंचीची असते. हाकारी आत शिरला की कंबरेत वाकून, कधी चक्क हातांवर टेकून, त्याच वाटेने पुढे सरकतो आणि त्याच तोंडातून बाहेर पडतो. अंगावर मातकट सदरा. आता समोर बसलेल्या बंदूकवाल्याला काय दिसतं? ज्या तोंडातून डुक्कर यायचं तिथेच, डुकराच्याच उंचीवर, डुकराच्याच रंगाचं काहीतरी हलताना दिसतं.

तात्या गडग्याच्या, म्हणजे दगडी बांधाच्या, आड चाळीसेक पावलांवर बसले होते. जाळी हलली. तात्यांनी बार घातला.

वडील सांगतात, "मी हाक मारीत होतंय. सगळे हाका मारीत होते, त्यात माझी खयची कळतली?" हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हाकाऱ्यात दहा-बारा माणसं एकाच वेळी ओरडत असतात, वर डबे, वर कुत्री. समोर डोंगर असला की आवाज फिरून येतो. आवाजावरून माणूस कुठे आहे ते कळतं असं जो म्हणतो तो कधी नीट ऐकत बसलेला नाही.

त्यांना खाटेवर घालून आणलं तेव्हा मी अंगणात होते. मांडीच्या वर सुंभ करकचून बांधलेलं, जखमेत कुणीतरी तंबाखू भरलेली. टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं, आणि वाटेत मोठ्या माणसांनी काय सांगायचं ते ठरवलं: गडग्यावरून पडले, कुंपणाच्या मेढीचं, म्हणजे खुंटाचं, टोक घुसलं. बंदूक जाईल, परवाना जाईल, तात्या आत जातील, म्हणून. डॉक्टरांनी त्यावर विश्वास ठेवून जखम धुवायला घेतली. एक्स-रे निघाला तेव्हा पांढरे ठिपके दिसले आणि सगळं उघडं पडलं. तोपर्यंत बराच वेळ फुकट गेला होता. नंतर मोठ्या रुग्णालयात न्यावं लागलं. पाय वाचला, पण गुडघा पूर्ण वाकत नाही. खोल गेलेले काही छर्रे काढले नाहीत, काढायला गेलो तर जास्त नुकसान होईल म्हणाले.

म्हणून हे ठरवूनच रानात जा: कुणाला बार लागला तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात खरं सांगायचं. बंदुकीच्या जखमेची खबर ते पोलिसांना देणारच, लपवून काही वाचत नाही. जखमेवर स्वच्छ कापडाचा बोळा ठेवून दोन्ही हातांनी जोर देऊन दाबून धरायचं, गाडीत बसल्यावरसुद्धा सोडायचं नाही. हळद, चुना, तंबाखू काही भरायचं नाही. छर्रा बोटाने शोधायचा नाही. रक्त दाबूनही थांबतच नसेल तरच जखमेच्या वर रुंद पट्टा घट्ट बांधायचा, आणि किती वाजता बांधला ते डॉक्टरांना सांगायचं. सुंभासारखी बारीक दोरी मांस कापते.

आता तात्यांचं. दर गणेशचतुर्थीला सगळे घरी जमतात आणि कुणीतरी हा विषय काढतंच. तात्या वडिलांना दादा म्हणतात. ते अजून म्हणतात, "दादा रांग सोडून पुढे इलो. रान हाललां, माका डुकरच वाटलो." आणि आमच्याच घरातले अर्धे लोक माना डोलावतात. वडीलसुद्धा आता गप्प बसतात. मी बसत नाही. हाकाऱ्याची रांग कधी सरळ राहतच नाही. एकाला वाटेत खडक लागतो, एकाला खळगा, एकाची वाट मोकळी निघते आणि तो वीस पावलं पुढे जातो. हे तिथे बसलेल्या प्रत्येक बंदूकवाल्याला माहीत असतं. हाकारी ओरबाडून घेत, वाकून, काट्यांतून येत असतो, त्याला समोरचं काही दिसत नसतं. बसलेला माणूस स्थिर असतो, त्याच्यापुढे मोकळं असतं, आणि बार घालायचा की नाही हे त्या सगळ्या रानात त्याच्या एकट्याच्या हातात असतं. मग चूक कुणाची? माझ्या लेखी यात दुसरी बाजू नाही. "वाटलं" हे कारण होऊ शकत नाही. वाटलं म्हणून बार घालायचा नसतो, दिसलं म्हणून घालायचा असतो.

आमच्या आजोबांचा याबाबत एकच नियम होता: "चार पाय दिसाक होये, मगे बार." पाठ दिसली, कान दिसला, झुडूप हललं, कुत्रं भुंकलं, यातल्या कशावरही ते बार घालत नसत. किती डुकरं त्यांनी अशी जाऊ दिली म्हणून लोक त्यांना नावं ठेवायचे. त्यांच्या हयातीत आमच्या पारधीत माणसाला ओरखडा आला नाही. तीच बंदूक, तेच रान. तात्यांना हे मी तोंडावर सांगितलंय, इथेही लिहिते.

शिवाय आजोबा जाळीच्या दिशेने बार घालूच देत नसत. डुक्कर बसणाऱ्यांची ओळ ओलांडून पाठीमागे गेलं, मगच. हाकाऱ्यांच्या दिशेला तोंड करून घातलेल्या बारापुढे माणसं असणारच, हे वेगळं सांगायला नको. छर्रे डुकराशी थांबत नाहीत. चुकलेला छर्रा काही शे मीटर जातो, आणि आपल्याकडे तर खाली कातळ आहे. कातळावर आपटलेलं शिसं कुठल्या दिशेला उडेल त्याचा नेम नाही. हाका जवळ आल्या की बसणाऱ्यांनी केप, म्हणजे घोडा आपटला की ठिणगी पाडणारी टोपी, काढून ठेवायची. आणि काहीही झालं, डुक्कर पडलं तरी, हाकारा संपल्याची खूण होईपर्यंत कुणी जागा सोडायची नाही. डुक्कर बघायला म्हणून उठून पुढे गेलेला माणूस शेजारच्याच्या बारासमोर येतो. हाकाऱ्यांच्या डोक्याला लाल किंवा भगवं फडकं बांधा, पाठीवरही. खाकी आणि हिरवे कपडे शिकारीचे म्हणून विकत घेऊ नका.

मामांची बंदूक ठासणीची असेल तर आणखी थोडं. केप जागेवर बसल्यावरच चढवायची, वाटेत नाही. गडगा ओलांडताना बंदूक हातात घेऊन चढायचं नाही: केप काढायची, बंदूक पलीकडे तोंड करून ठेवायची, मग चढायचं. पाय निसटून चाप दाबला जाणं किंवा घोडा दगडावर आपटणं सहज होतं. केप फुटली पण बार उडाला नाही, तर नळी तशीच मोकळ्या दिशेला धरून थांबा, लगेच आत डोकावू नका, दारू कधी उशिराही पेट घेते. न उडालेल्या बारावर विसरून दुसरा बार ठासला तर नळी फाटते, बंदूकवाल्याचाच हात जातो. गज कुठवर आत गेला की बंदूक भरलेली, याची खूण गजावर केलेली असावी. मामांच्या गजावर आहे का ते बघा. आणि शिकार मिळाली नाही म्हणून भरलेली बंदूक तशीच माजघरात टांगून ठेवणारी घरं मला माहीत आहेत, जिथे सुट्टीत पोरं खेळतात. मला ते बघवत नाही.

रात्रीच्या बॅटरीचं: बॅटरीच्या उजेडात डोळे चमकले म्हणजे डुक्कर, असं समजू नका. शिमग्यानंतर आपल्याकडे गुरं मोकळी असतात, त्यांचे चमकतात, कुत्र्याचे चमकतात. माणसाचे तसे चमकत नाहीत, म्हणजे माणूस तर दिसणारच नाही. रात्री बंदूक घेऊन जाऊ नका, मग बॅटरी कुठलीही चालेल.

डुक्कर अंगावर येतं ते बहुधा जखमी झालेलं किंवा पिलांबरोबरचं. सुळा खालून वर मारतं, तो मांडीला बसतो, मांडीतली मोठी रक्तवाहिनी तुटली तर फार वेळ मिळत नाही. खाली पडू नका, झाडावर किंवा गडग्यावर चढा. जखमी डुक्कर जाळीत शिरलं तर त्याच्या मागे कुणीही शिरायचं नाही, कुत्रीही सोडायची नाहीत.

बूट घोटा झाकणारे घ्या. काट्यांसाठी नाही, फुरशासाठी. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, दगडाच्या सांदीत फुरसं असतं, आणि ते दिसत नाही. चावलं तर बांधाबांध, कापाकाप न करता सरळ सरकारी दवाखाना.

रानात चालताना पायाखाली फासकी असू शकते. डुकरासाठी लावलेल्या तारेच्या फासकीत आपल्याकडे बिबटे अडकतात, मग चवताळलेल्या बिबट्यासमोर माणूस जाऊन उभा राहतो. शेताच्या कडेला तारेत करंट सोडणारेही आहेत. त्या तारेने डुकराआधी शेजारी मरतो. दुसऱ्याच्या शेतातून अंधारात वाट काढू नका, आणि मामा असं काही करत असतील तर तिथे जेवायलाही थांबू नका. डुकराच्या तोंडात फुटावी म्हणून पिठाच्या गोळ्यात बंदुकीची दारू भरून ठेवणारे तर माणसात गणू नयेत, ते गोळे गुरं आणि पोरं उचलतात.

हे आधी लिहायला हवं होतं असं कुणी म्हणेल, पण लिहिते: परवानगीशिवाय रानडुक्कर मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पिकाचं नुकसान होत असेल तर शेतकऱ्याने वनखात्याकडे अर्ज करून परवानगी घ्यायची असते, नुकसानभरपाईही मागता येते. परवानगीने मारलेलं डुक्करही सरकारचं, त्याचे वाटे घालता येत नाहीत. मामांच्या बंदुकीचा परवाना मामांचा आहे, तुम्ही ती घेऊन रानात बसलात तर शस्त्र कायद्याखाली दोघेही अडकाल. आणि कुणी मेलं, तर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल आता पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. भात, नाचणी, सुरण सगळं डुकरं एका रात्रीत उकरून टाकतात, हे मी बघितलंय, शेतकऱ्याचा राग मला कळतो. पण तुमचं शेत नाही, तुम्ही पुण्याहून मौजेला येताय. मौजेसाठी जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरीही मामांकडे परवानगीचा कागद असेल आणि तुम्ही हाकाऱ्यात जाणारच असाल, तर आदल्या रात्री त्यांना दोन गोष्टी विचारा. रानात शिरण्याआधी माणसं मोजतात का, आणि कोण कुठे बसलाय ते प्रत्येक हाकाऱ्याला दाखवतात का. "आमका सगळा माहीत आसा" असं उत्तर आलं तर पारधीच्या दिवशी घरी थांबा, मामी वाईट वाटून घेणार नाहीत.